लोखंडी खाटांचं पॅकेज

पडद्यावर आधी आली ती खाट. लोखंडी, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेली, आणि तिच्यावर वडीसारखी चौकोनी घडी घातलेली रजई. मग फुलाफुलांचा थर्मास. मग कानापाशी टवका उडालेला इनॅमलचा मग. दिंग साहेब एकेक चित्र सरकवत होते आणि तान वेन्हुईला वाटलं, सकाळच्या नूडल्स बाधल्या. तिळाच्या घट्ट वाटणात घोळलेल्या नूडल्स रस्त्यानं चालत चालत खायच्या आणि ऑफिसच्या दारात कागदी वाडगा टाकून द्यायचा, हे वुहानात सगळेच करतात. तिनंही आयुष्यभर केलं होतं आणि कधी बाधलं नव्हतं. पुढच्या चित्रात आगबोटीच्या कठड्याला टेकून एक जोडपं उकडलेली अंडी सोलत होतं. त्याच्या पुढच्यात लाकडी काउंटर होतं, काउंटरमागे कपाळाला आठ्या घातलेली बाई, आणि समोर एक तरुण, एक तरुणी, दोघांत मिळून एक बॅग. बॅगेचा एक बंद त्याच्या हातात, एक तिच्या. तेव्हा तिला कळलं की पोटातून वर येतंय ते नूडल्स नाहीत, राग आहे.

"ही आपली सगळ्यात वरच्या बजेटची ट्रिप," दिंग साहेब म्हणाले. ते चौतिशीचे होते, पांढरे बूट घालत, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेतला एक अदृश्य भोपळा कुरवाळत. "आई-बाबांचा हनिमून! वुहानहून आगबोटीनं जिउजियांग, तिथून वर लुशान डोंगर, कुलिंग गावातलं जुनं सरकारी गेस्टहाउस. लग्नाचा दाखला घरी राहिलेलं जोडपं. दाखल्याशिवाय एकत्र खोली नाही. नवरा पुरुषांच्या हॉलमध्ये, बायको बायकांच्या खोलीत. आणि मग..." साहेबांनी भोपळा अलगद सोडला. "मग तो रात्रभर तिच्या खिडकीखाली धुक्यात उभा! पहाटे केसांवर दव. जाहिरातीत वरती लिहायचं, सत्यकथा. आणि सत्यकथा कुणाची? आपल्या तान ताईंची!"

टाळ्या पडल्या. माना वळल्या. वेन्हुईनं आपला चेहरा असा केला की कुणीही त्यावर नम्रता वाचून घ्यावी. तीस वर्षं ती लोकांचे हनिमून आखत होती, आणि या धंद्यात चेहरा हे एक खातंच असतं. कमी बजेटवाल्यांसाठी तिनं हायनानचा समुद्र ठेवला होता, टॉवेलचे हंस, पलंगावर प्लास्टिकच्या पाकळ्यांचा बदाम. मधल्यांसाठी युन्नानमध्ये तळ्याकाठचं घर, भाड्याचा गाऊन आणि सूर्यास्ताला वेळेवर हजर होणारा फोटोवाला. वरच्यांसाठी आजवर काचेच्या छपराखाली झोपून चांदण्या बघणं होतं. पण वरच्यांना चांदण्यांचा कंटाळा आला होता. चांदण्या, दिंग साहेबांच्या मते, आता मधल्या बजेटमध्ये उतरल्या होत्या. आता वरच्यांना पाहिजे होती लोखंडी खाट, गार पाण्याचा नळ आणि खेकसणारी बाई. ज्यांच्या आईबापांनी हे सगळं फुकट सोसलं, त्यांच्या मुलांना आता ते विकत घ्यायचं होतं. गरिबीलाही ऐपत लागायला लागली होती. एरवी वेन्हुई यावर मनातल्या मनात खूप हसली असती. पण काउंटर तिचं होतं. अंडी तिची होती. तिच्या आईनं उकडली होती, मिठाची पुडी वेगळी बांधून.

"काउंटरवरचा प्रसंग ताई, तुम्हीच लिहा," साहेब म्हणाले. "कोण काय विचारतं, कोण काय बोलतं. एकदम अस्सल पाहिजे. तिथं तुम्ही होतात, आम्ही नव्हतो! आणि पहिल्या जोडप्यांना तुम्ही दोघांनी करून दाखवायचं. पेंग भाऊजींशी माझं बोलणं झालंय."

"त्यांना तुम्ही फोन केलात?"

"केला ना. काय खूश झाले! म्हणाले, इतकी वर्षं ही गोष्ट मी फुकट सांगतोय, कुणी एक दारूचा पेला भरण्यापलीकडे काही केलं नाही."

हे मात्र खरं होतं. तिच्या नवऱ्यानं, पेंग चिन्सोंगनं, ती गोष्ट कुठं सांगितली नव्हती? तिच्या माहेरी सांगितली, व्हॉल्व्हच्या कारखान्यात सांगितली, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत सांगितली, आणि यंदाच्या वर्षअखेरीच्या कंपनीच्या जेवणात, गोल टेबलावर मासा फिरत असताना, दिंग साहेबांना सांगितली. गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्या आईनं लग्नाचे दाखले कापराच्या लाकडाच्या पेटीत कुलूप लावून कसे ठेवले ("असली कागदं पाण्यावरून नेऊ नयेत, बोट बुडते!"), ते तो आईच्या आवाजात सांगे. काउंटरवरच्या बाईच्या आवाजात खेकसे. मग खिडकी. खिडकीपाशी आला की तो आवाज खाली आणी, खांदे आक्रसून घेई, आणि धुकं टेबलावर पसरल्यासारखं वाटे. बायकांचे डोळे ओले होत. कुणीतरी वेन्हुईच्या दंडाला चिमटा काढून म्हणे, नशीबवान आहेस गं. आणि वेन्हुई हसे. सुरुवातीला दातांवर दात धरून, मग सवयीनं, आणि मधली काही वर्षं तर खरोखरच, कारण गोष्ट फार छान होती आणि त्या गोष्टीतली बाई खूपच सुखी होती. त्या बाईचा तिला हेवा वाटायचा. आज मात्र त्या बाईचा फोटो पडद्यावर होता, तिला किंमत लावली होती, वर 'सत्यकथा' लिहायचं होतं, आणि ते लिहायला वेन्हुईला सांगितलं होतं.

घरी आली तेव्हा पेंग न्हाणीघरात आरशासमोर केसांना काळा रंग लावत होता. कानांच्या पाळ्या काळ्या झाल्या होत्या. स्वयंपाकघरात कमळकाकडी आणि बरगड्यांचं सूप मंद आचेवर ठेवलेलं होतं. आनंदाच्या दिवशी तो स्वतः सूप करी.

"ऐकलंस का?" तो आतूनच ओरडला. "आपण जाहिरातीत! मी म्हणालो त्या पोराला, तेव्हा माझे केस काळे होते, पांढऱ्या केसांवर दव दिसायचं नाही."

"त्या खोलीला खिडकी नव्हती," वेन्हुई म्हणाली.

ब्रश थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"कुठल्या खोलीला?"

"तुला माहीत आहे कुठल्या. कोठीची खोली होती ती. चादरी ठेवायची. चार भिंती आणि दार."

"अगं, गोष्ट आहे ती! गोष्टीला खिडकी लागते. भिंतीखाली उभा राहिलो म्हटलं तर लोक म्हणतील, हा काय लघवीला गेला होता?"

"तू झोपला होतास."

"तुला काय माहीत? तू कुठं होतीस तिथं?"

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्यानं नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं, ब्रश धुवायला लागतं त्यापेक्षा खूप जास्त. वेन्हुई दारात उभी राहिली. आता विचारेल, तिला वाटलं. आता पाणी बंद करेल, काळ्या कानांनिशी वळेल आणि विचारेल: मग तू कुठं होतीस? काय झालं होतं तिथं? तीस वर्षांत तिला असं बऱ्याचदा वाटलं होतं. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात, सासू गेली आणि कापराची पेटी उघडली तेव्हा, आणि ते दोन लाल दाखले रेशमी फडक्यातून निघाले तेव्हा तर नक्कीच. पेंगनं नळ बंद केला, टॉवेलनं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "सुपात मीठ बघ जरा."

तिनं मीठ बघितलं. कमी होतं. तिनं ते तसंच राहू दिलं, आणि हा आपला सूड किती टीचभर आहे हे लक्षात येऊन ती स्वतःवरच आणखी चिडली. चमचा पातेल्यावर आपटताना तिला ते गेस्टहाउस पुन्हा पहिल्यापासून दिसायला लागलं, जसं ते पेंगच्या गोष्टीत कधीच दिसत नाही. बसनं वर चढताना तिला झालेली उलटी. बाहेर इतकं धुकं की दिवे लावलेले असूनही दिवे कुठं आहेत ते कळत नव्हतं. ओल्या लोकरीचा आणि कोळशाचा वास. काउंटरवरच्या बाईनं दाखला मागितला, तो नाही म्हटल्यावर आत कुणालातरी हाक मारली, आणि आतून टोपी घातलेला एक माणूस जेवता जेवता उठून आला, दातांत काहीतरी अडकलेलं. तो खेकसला नाही. खेकसला असता तर बरं झालं असतं. त्यानं अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं पेंगला विचारलं: "ही बाई तुमची कोण?" वेन्हुईला त्या क्षणी भीती नव्हती वाटली, उलट थोडी मजाच वाटली होती, कारण लग्न झाल्यापासून 'बायको' हा शब्द ती पहिल्यांदाच परक्या माणसासमोर त्याच्या तोंडून ऐकणार होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. पेंगनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर टोपीवर होती. कारखान्यात त्याला कायम करण्याचे कागद तेव्हा वरच्या टेबलावर गेलेले होते, हे तिला माहीत होतं. नंतर तीस वर्षं तिनं स्वतःला ते पुन्हा पुन्हा सांगितलंही. तो म्हणाला, "ओळखत नाही, साहेब. बोटीवर भेटली. बॅग जड होती म्हणून धरली." आणि त्यानं आपल्या हातातला बंद सोडला. बॅग एकदम तिच्या बाजूला कलली. इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मग त्या माणसानं तिला विचारलं, आणि ती म्हणाली, "मीपण नाही ओळखत." का म्हणाली? हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलेला होता, आणि त्याचं उत्तर तिला नेहमी सोपं सापडायचं म्हणूनच ते तिला खरं वाटत नसे. तो माझा नवरा आहे म्हटलं असतं तर तो खोटा ठरला असता. तो खोटा ठरला असता तर त्याचे कागद अडकले असते. बस, एवढंच. त्याला हातानंच पुरुषांच्या हॉलची वाट दाखवण्यात आली. तिला चादरींच्या कोठीत बसवलं. बोटीवर भेटलेल्या पुरुषाबरोबर डोंगरावर येणारी बाई कोण असते? कुठल्या ऑफिसात असते? आधी किती वेळा आली? टोपीवाला विचारत होता, काउंटरवरची बाई दारात उभी राहून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती आणि टरफलं तिच्या पायांच्या दिशेनं थुंकत होती. ती रडली नाही. तिनं ऑफिसचा फोन नंबर दिला. सकाळी सोडलं तेव्हा पेंग बसथांब्यावर दोन गरम वाफवलेले पाव घेऊन उभा होता. "खाऊन घे," तो म्हणाला, "निवतील." तिनं खाल्ले. भूक लागली होती, हा तिला त्या सगळ्यातला सर्वांत अपमानाचा भाग वाटे.

ऑफिसात फोन आधीच पोचला होता. ती तेव्हा सरकारी प्रवास खात्यात परदेशी पाहुण्यांची गाइड होती. इंग्रजी तिचं इतकं चांगलं की इंग्रज तिला विचारत, तुम्ही कुठं शिकलात. सासूकडून दाखला आणून दाखवला तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "तुझं बरोबर आहे पोरी, कागद आहे, प्रश्नच मिटला. पण लोक बोलतात. परदेशी पाहुण्यांसमोर जाणाऱ्या बाईबद्दल बोलणं असू नये." तिला आत टेबल दिलं. तेव्हापासून ती सहली आखते. जिथं ती स्वतः कधीच गेली नाही अशा तळ्यांच्या काठी तिनं हजारो जोडपी बसवली. आणि पेंग कायम झाला, आणि त्या आनंदात त्यानं तिच्या माहेरी पहिल्यांदा खिडकीची गोष्ट सांगितली. तिचे वडील चिंतेत होते, त्यांना बरं वाटावं म्हणून. वडिलांना बरं वाटलं. मग गोष्ट राहिली. ती गोष्ट सांगत राहिलं की पेंगला विचारावं लागत नव्हतं. रात्रभर तो बाहेर होता म्हटल्यावर आत काय झालं हे त्याला आधीच माहीत असणार, नाही का?

तिनं काउंटरचा प्रसंग एका बैठकीत लिहिला. टोपीवाल्याचे प्रश्न जसेच्या तसे लिहिले. एकही शब्द आठवायला लागला नाही. पेंगच्या उत्तरांच्या जागी लिहिलं: 'पेंग यांना माहीत आहे.' दिंग साहेबांनी ते वाचून भोपळा कुरवाळला. "ताई, तुमच्यात लेखिका आहे. हा टोपीवाला काय मस्त घाबरवतो!"

कुलिंगचं ते गेस्टहाउस कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं आणि बरीच मेहनत घेऊन खराब केलं होतं. भिंतींचा नवा रंग खरवडून खालचा हिरवा काढला होता. नळाला गरम पाणी येत होतं ते बंद केलं होतं. कोठीच्या खोलीत चादरींची फडताळं काढून दोन खाटा टाकल्या होत्या, आणि बाहेरच्या भिंतीला भोक पाडून लाकडी चौकट बसवली होती. सुतार चौकटीला मुद्दाम खाचा पाडत होता, जुनी दिसावी म्हणून. वेन्हुई दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं होतं, इथं आल्यावर आपल्याला रडू येईल. त्याची तिनं तयारीही ठेवली होती. पण चौकटीतून दुपारचं धुकं आत येत होतं, कामगार चहा पीत होता, आणि तिला फक्त एवढंच वाटलं की आता साक्षीला भिंतसुद्धा उरली नाही.

पहिली जोडपी आली होती, तिघं तिघी, मऊ महागडे कोट घातलेली. कॅमेरेवाला होता. काउंटरवरच्या बाईचं काम करणारी नटी सूर्यफुलाच्या बिया मागत होती. कागदावर तसं लिहिलेलं होतं. टोपीवाला मात्र नव्हता. धुक्यामुळे खालचा रस्ता बंद झाला होता आणि नाटक मंडळीतला तो नट जिउजियांगच्या थांब्यावर बसून फोनवर शिव्या देत होता.

"ताई," दिंग साहेब टोपी घेऊन आले. "तुम्हीच करा. तुम्हाला सगळं पाठ आहे."

"टोपीवाला पुरुष होता."

"टोपी घातली की काय फरक पडतो हो?"

पेंग तिकडे नव्या विंडचीटरमध्ये उभा होता, काळ्याभोर केसांनिशी, आणि एका कोटवालीला बॅगेचा बंद कसा धरायचा ते शिकवत होता. ती आता वेन्हुईचं काम करणार होती. "असा, असा. तू त्या बाजूनं. माझ्याकडे प्रेमानं बघायचं, मी म्हातारा आहे म्हणून लाजायचं नाही!" मुलगी खिदळली. तिचा नवरा फोटो काढत होता. वेन्हुईनं टोपी घातली. ती तिला बरोबर बसली. काउंटरच्या मागं जाताना तिच्या लक्षात आलं की इथून लोक किती लहान दिसतात. काउंटरमागची जमीन पायरीभर उंच होती. हे तिला तेव्हा कळायला काही मार्गच नव्हता.

नटी बिया फोडत खेकसली. दाखला मागितला. पेंगनं सासूचा, म्हणजे स्वतःच्या आईचा, आवाज काढला आणि सगळे हसले. मग वेन्हुई आतून आली. तिनं जिभेनं दातात अडकलेलं काहीतरी शोधलं. हे तिनं लिहिलेलं नव्हतं.

"ही बाई तुमची कोण?"

पेंगनं आधी जोडप्यांकडे बघून डोळा मारला. मग छाती फुगवली.

"इकडं बघा," वेन्हुई म्हणाली. अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं. "माझ्याकडं बघा. तिकडं काय आहे?"

त्यानं बघितलं. आधी तिच्याकडे, मग वर, टोपीकडे, आणि नजर तिथंच थांबली. तिला त्याच्या चेहऱ्यावरून एकेक वर्ष गळताना दिसलं. दारूचे पेले गेले, माहेरची टेबलं गेली, मासा गेला, धुकं गेलं. ओठ हलले, पण बायको हा शब्द बाहेर आला नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस, कारखान्यातून निवृत्त झालेला, ज्याचे सगळे कागद कधीच पूर्ण झाले होते, तो एका भाड्याच्या टोपीकडे बघत होता.

"ही बाई तुमची कोण?" वेन्हुईनं पुन्हा विचारलं.

"ओळखत नाही, साहेब," पेंग म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, किंवा फार वर्षांपूर्वीचा त्याचा होता. "बोटीवर भेटली. बॅग जड होती म्हणून धरली." बंद त्याच्या हातातून सुटला आणि बॅग कोटवालीच्या बाजूला कलली.

हशा पिकला. "काका, अहो!" ती मुलगी ओरडली. तिचा नवरा म्हणाला, "हे मीसुद्धा म्हणणार!" आणि तिनं त्याला कोपर मारलं, हसत, पण किंचित उशिरा. दिंग साहेबांचे दोन्ही हात वर होते. "भारी! भाऊजी, एकदम भारी! हे ठेवायचं. आधी नाकारतो आणि मग रात्रभर पश्चात्ताप, खिडकीखाली! हे तर मूळ गोष्टीपेक्षा चांगलं आहे!" पेंग हसला नाही. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. आता सगळ्यांना वाटत होतं की टोपीवाला त्याला हातानं हॉलची वाट दाखवेल. कागदावर पुढचं तेच होतं, आणि त्या दिवशी झालंही तेच होतं. उत्तर मिळालं की टोपीवाल्याचं काम संपलं होतं.

वेन्हुईनं हात काउंटरवरून उचलला नाही.

"मग सकाळी ती बसथांब्यावर भेटली," ती म्हणाली, "तेव्हा रात्री तिला काय काय विचारलं, हे तुम्ही तिला विचारलंत?"

"ताई, हे लिहिलेलं नाहीये," दिंग साहेब पानं चाळत म्हणाले. "कॅमेरा चालू आहे."

"असू दे. नंतर विचारलंत? एकदा तरी?"

हसणारे एकेक करून थांबले. नटीनं तोंडातलं टरफल हातात काढून घेतलं. पेंगनं टोपीवरून नजर खाली आणली आणि पहिल्यांदाच टोपीच्या खालच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"घाई नाही," वेन्हुई म्हणाली. "उत्तर द्या, पेंग चिन्सोंग."